नाळेतून येणारा प्राणवायू



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी शिरोड्याच्या या पंचक्रोशीतली पुष्कळ बाळंतपणं केली. त्या काळच्या सुईणीला एका वाक्याची फार धास्ती असायची: ‘पोर रडूक नाय.’ मूल बाहेर आलं, हातपाय आहेत, पण ते निळसर, लुळं, गप्प पडून आहे. मग पाठीवर चोळणं, तळव्यांना टिचक्या मारणं, तोंडात फुंकर घालणं असे उपाय चालत. काही पोरं उशिरा का होईना, रडत. त्यांतली काही पुढे बसायला, चालायला, बोलायला फार वेळ घेत आणि काही आयुष्यभर आईच्या कडेवरच राहत. गाव त्याला नशीब म्हणे.

मी नवजात बाळांचा डॉक्टर आहे, आणि त्या न रडण्यामागची गोष्ट आज तुमच्यापुढे मांडायची आहे. बाळाचा मेंदू प्राणवायूवाचून होरपळू नये म्हणून आईच्या खाण्यातून, तिला दिलेल्या गोळ्यांतून आधीच काही करता येतं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. येतं, पण ते सातव्या-आठव्या महिन्यात आठवून उपयोगाचं नाही. त्याची तयारी दिवस जाण्याच्या कितीतरी आधी लागते, आणि आपण नेमकी तीच वेळ वाया घालवतो.

पोटातलं बाळ हवेतून श्वास घेत नाही. प्राणवायू आईच्या फुप्फुसांतून तिच्या रक्तात, रक्तातून गर्भाशयात, तिथून वारेत आणि वारेतून नाळेवाटे बाळाकडे जातो. वाटेत तो उतरत जातो. बाळापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा दाब इतका कमी असतो की केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी गर्भाच्या परिस्थितीची तुलना थेट एव्हरेस्टशी केली होती. तरी बाळ तिथे सुखाने वाढतं, कारण त्याचं हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचं असतं. कमी दाबालाही ते प्राणवायू धरून ठेवतं. निसर्गाने सोय चोख केली आहे, पण या सोयीचा पुरवठादार एकच, आईचं रक्त.

आता थोडा हिशेब. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. आईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असेल तर तिच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १६ मिलिलिटर प्राणवायू मावतो. ते ७ असेल तर जेमतेम साडेनऊ. एरवी शरीर ही तूट सावरून घेतं, हृदय जास्त रक्त ढकलतं, वार जास्त पसरते. कळा सुरू झाल्या की खरी परीक्षा होते. दर कळेला गर्भाशय आवळतं, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ बाळाला अंगातल्या साठ्यावर निभवावं लागतं. धडधाकट बाळ हे तासन्‌तास सोसतं. पण महिनोन्‌महिने तुटीत वाढलेल्या बाळाला ती शेवटची चढण जड जाते.

जन्मल्यावर उपाय नाहीत असं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यदूत बायकांना गुदमरलेल्या बाळाला पिशवी आणि मास्कने श्वास द्यायला शिकवलं. डॉक्टर नसलेल्या घरात बाळं वाचू शकतात हे त्यांनी जगाला दाखवलं. श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत आणखी पुढचा उपाय करतात. जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळाचं शरीर ३३ ते ३४ अंशांपर्यंत थंड करायचं आणि सलग ७२ तास तसंच ठेवायचं. तिथे त्याने मेंदू वाचतो हे पक्कं ठरलं आहे. मग आपल्याकडेही हे करावं, असं सगळ्यांना वाटू लागलं. म्हणून भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर रीतसर चाचणी झाली. मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही तीत होतं. २०२१ साली निकाल छापून आला. थंड न ठेवलेल्या बाळांपैकी ३१ टक्के दगावली होती, आणि थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के.

हे आकडे प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. तेच तंत्र, तेच यंत्र, तितकीच निष्ठेने राबणारी माणसं, मग उलटं का व्हावं? संशोधकांनी बाळांच्या मेंदूची चित्रं तपासली तेव्हा एक गोष्ट दिसली. इजा अचानक एका तासात झाल्यासारखी नव्हती. ती सावकाश, टंचाई बराच काळ चालल्यासारखी होती, म्हणजे पुष्कळ बाळांचं नुकसान कळा येण्याआधीच सुरू झालेलं असावं. हे खरं असेल, आणि मला ते खरं वाटतं, तर प्रसूतिगृहातली आमची धावपळ कितीही मोलाची असली तरी ती उशिरा पोचते. आपल्याला मागे जावं लागेल, गर्भारपणात आणि त्याच्याही मागे.

असं मागे जाणारी एक बाई जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईत होती. त्यांचं नाव आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. डॉ. लूसी विल्स १९२८ साली इंग्लंडहून आल्या. डॉ. मार्गारेट बालफोर यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. काम परळच्या हाफकिन संस्थेत, आणि विषय गरोदर बायकांचा पंडुरोग. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या, धाप लागायची, आणि बाळंतपणात त्यांतल्या कित्येक जायच्या.

त्या गिरणगावाशी आपलं नातं मी तुम्हाला सांगायला नको. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या किती घरांची चूल परळ-लालबागहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत होती! इथे शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रही मीठ उचलत होते, त्याच वर्षांत तिकडे परळला या बाई रोगी बायकांच्या घरी जाऊन त्या काय खातात ते टिपून घेत होत्या. पुष्कळ डॉक्टर जंतू शोधत होते. विल्स बाईंनी जेवणाचं ताट पाहिलं. त्यात डाळ-दूध नावापुरतं आणि फळ-भाजी जवळजवळ नाहीच. तोच आहार त्यांनी आधी उंदरांना आणि मग माकडांना दिला. माकडंही तशीच पांढरी पडली. एका आजारी माकडाला यीस्टचा अर्क, इंग्रजांच्या न्याहारीतलं मार्माइट, चारलं आणि ते सुधारलं. मग तो अर्क बायकांना दिला, आणि काही दिवसांतच नव्या रक्तपेशी दिसू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या घटकाला पुढे कित्येक वर्षं ‘विल्स घटक’च म्हणत. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, आणि आज आपण त्याला फॉलिक आम्ल म्हणतो. जगभर गरोदर बायका जी गोळी घेतात, तिच्यातला अर्धा भाग मुंबईच्या गरीब बायकांच्या रक्तावरून शोधला गेला आहे.

उरलेला अर्धा भाग लोहाचा. इथून हाकेच्या अंतरावर रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. आपल्या वाटा, आपले पाय, पहिल्या पावसाचं पाणी सगळं लाल. पण मातीतलं लोह अन्नातून रक्तात येईलच असं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघालं. एका गर्भारपणाला सगळं धरून साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बाळासाठी, वारेसाठी, आईच्या वाढणाऱ्या रक्तासाठी आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्तासाठी. आपल्या भातजेवणातून रोज अंगी लागणारं लोह पाहता, साठा रिकामा असलेल्या बाईला हे नऊ महिन्यांत पुरं करणं फार अवघड आहे. म्हणून सरकारी लाल गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस.

या गोळीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण गोळी घरात असते आणि पोटात नसते. शौच काळं होतं, मळमळतं, पोट गच्च होतं. मग शेजारची कुणीतरी सांगते की या गोळ्यांनी बाळ काळं होतं, किंवा बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं. दोन्ही खोटं. शौच काळं होणं निरुपद्रवी आहे. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवल्यावर घ्यावी. लिंबाचं पाणी, आवळा, पेरू बरोबर असला तर लोह जास्त शोषलं जातं. चहाबरोबर मात्र मुळीच नको, तासभर आधी नको आणि नंतरही नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर एकमेकींच्या वाटेत येतात. ती कॅल्शियमची गोळीही कमी महत्त्वाची नाही. जिच्या जेवणात कॅल्शियम कमी आहे, तिला त्या गोळीमुळे गर्भारपणातल्या रक्तदाबाचा धोका कमी होतो, आणि तो रक्तदाबच वारेचा रक्तपुरवठा आटवणारा मोठा शत्रू आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर घरच्या गोळीवर विसंबून राहायचं नाही. तिने रुग्णालय गाठायलाच हवं.

फॉलिक आम्लाच्या गोष्टीला पुण्यात एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका, त्यांची गर्भारपणं आणि पुढे त्यांची मुलं यांचा माग काढला. आजही तो अभ्यास चालू आहे. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्याही खाली जन्मत होती. आई एकूण किती खाते यापेक्षा ती काय खाते, याचा संबंध बाळाच्या वाढीशी जास्त दिसला. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं वारंवार खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी होती, आणि अगदी किरकोळ अंगाच्या बायकांत हा फरक सर्वांत ठळक होता. दुसरं असं दिसलं की बहुतेक बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आईचं फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी, तिच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त आढळली. नुसती गोळी वाढवत नेणं हा उपाय नाही, हे पुण्याने शिकवलं. ब-१२ दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शुद्ध शाकाहारी घरातल्या सुनेची ब-१२ ची तपासणी दिवस जाण्याआधीच व्हावी, असं मी आग्रहाने म्हणेन.

आणि आता मुंबईचा ‘सरस’ प्रकल्प. बालरोगतज्ज्ञ डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१२ या काळात तो केला. पुण्यात जे दिसलं, ते मुंबईच्या झोपडपट्ट्यांत करून पाहायचं ठरलं. साडेसहा हजार बायकांना, गर्भ राहण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ द्यायचा. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध, बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. कोणती बाई कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर सोडलेलं. गोळी नाही, पावडर नाही, रोजच्या खाण्यातलाच जिन्नस. निकाल २०१४ साली आला. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळाच्या वजनात फरक २६ ग्रॅमचा, म्हणजे नगण्य. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या आधी किमान तीन महिने हा खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरलं. आणखी एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पालेभाजी-फळ-दूध घेणाऱ्या बायकांत गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के होता, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के. अगदी हडकुळ्या बायकांच्या बाळांना मात्र या खाऊचा लाभ दिसला नाही. पुण्याचं निरीक्षण आणि मुंबईचा निकाल इथे जुळत नाहीत. ज्या बाईला पोटभर जेवणच मिळत नाही, तिला एका खाऊने काय होणार, असं मला वाटतं, पण हे माझं मत आहे.

४८ ग्रॅम ऐकून कुणी म्हणेल, एवढंच? मला त्या ग्रॅमपेक्षा ‘तीन महिने आधी’ हे शब्द मोठे वाटतात. वारेची पायाभरणी पहिल्या तीन-चार महिन्यांत होते. आपली बाई आरोग्यसेविकेकडे नाव नोंदवायला जाते तेव्हा त्यांतला बराच काळ गेलेला असतो. जन्मापर्यंत बाळाला प्राणवायू पुरवणारा अवयव अपुऱ्या सामानावर उभा राहिला, तर नंतरच्या गोळ्या त्याला मुळापासून पुन्हा उभारू शकत नाहीत.

गेल्या वीसेक वर्षांत जगात याच्या पुढचं एक संशोधन चालू आहे. तुमच्या मोबाइलवर त्याची जाहिरातबाजी पोचलीच असेल, म्हणून ते सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काटेरी केसांच्या एका उंदराच्या गाभण माद्यांना खाण्यातून क्रिएटिन दिलं. क्रिएटिन आपल्या शरीरात बनतं, मांस-मासळीतूनही मिळतं, आणि पेशींना निकडीच्या वेळी लगेच ऊर्जा देतं. जन्माच्या आधी त्या पिलांचा प्राणवायू थोडा वेळ तोडला. क्रिएटिन खाल्लेल्या आईची पिलं जास्त वाचली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. मृग लागायच्या आधी आपण सुकं, कुळीथ, आमसुलं भरून ठेवतो आणि होड्या किनाऱ्याला लागल्या की त्या बेगमीवर दिवस काढतो, तशी ही पेशीची बेगमी. अमेरिकेत सेंट लुइसला गाभण उंदरांना डाळिंबाचा रस पाजला. पिलांच्या मेंदूची हानी साठ टक्क्यांहून जास्त घटली, असं २००५ साली छापून आलं. पुढे गर्भाची वाढ खुंटलेल्या काही मातांनाही रोज डाळिंबाचा रस देऊन पाहिला. बाळांच्या मेंदूच्या चित्रांत काही आशादायक फरक दिसले, पण संख्या थोडी आणि पुरावा कच्चा. सोलापूरच्या डाळिंबाच्या राज्यात राहणाऱ्या आपल्याला हे ऐकून बरं वाटतं. डाळिंब खा, जरूर खा. पण व्यायामशाळेत विकले जाणारे क्रिएटिनचे डबे गरोदर बाईने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. माणसांतल्या मोठ्या चाचण्यांनी अजून कौल दिलेला नाही, आणि थंडाव्याच्या उपचाराचं काय झालं ते मी मघाशी सांगितलं. उंदरात बरं दिसलं म्हणजे आपल्या सुनेला चालेल, असं गृहीत धरणं मला मान्य नाही.

भर घालण्याबरोबर काही काढूनही टाकावं लागतं, आणि त्यावर आपल्याकडे फार गप्प बसतात. मिशरी. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १२१७ गरोदर बायकांचा मागोवा घेतला. त्यांतल्या सुमारे १७ टक्के बायका धूररहित तंबाखू वापरत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींची ती मिशरीच होती. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि सहा दिवस आधी जन्मली. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. ४८ ग्रॅम मिळवायला रोज खाऊ करून घालायचा आणि १०५ ग्रॅम सकाळी दात घासताना गमवायचे! निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. ओल्या लाकडांचा धूर कोंडलेल्या मांगरात चुलीपुढे बसणंही तसंच, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनची जागा अडवून बसतो. आणि शेवटच्या तीन महिन्यांत उताणं न झोपता कुशीवर झोपावं. त्याला पैसा लागत नाही.

आता आपलं ताट. शिरोड्याचं ताट गरीब नाही. नाचणीत कॅल्शियम आहे, तारल्या काट्यांसकट चावून खाल्ल्या तर त्यांतही आहे. बांगड्यात ब-१२ आहे, जवळ्यात आहे. पावसाळ्यात टाकळा आणि अळू फुकट उगवतात. शेवग्याचा पाला दारात असतो. प्रश्न ताटात काय आहे हा नाही. ते ताट कोणापुढे आधी जातं, हा आहे. पुरुष जेवतात, पोरं जेवतात, सासू जेवते, आणि सून बसते तेव्हा माशाची तुकडी संपलेली असते आणि आमटी उरलेली असते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण धरले तर महिन्यातले किती दिवस तिच्या पोटात मासा नाही! उपास सोडा असं मी म्हणत नाही. त्या दिवशी दूध, दही, कडधान्य तिच्या वाट्याला दुप्पट यावं एवढंच म्हणतो. आणि इथे बसलेल्या सासवांना हात जोडून विनंती करतो, घरात पोटुशी असेल तर पहिली तुकडी तिला वाढा, आणि ती तुमच्यासमोर खाऊ दे.

शाळेतल्या शिक्षकांसाठी शेवटचं. दर आठवड्याला शाळेत मुलींना निळी गोळी मिळते, लोहाची आणि फॉलिक आम्लाची. ती रिकाम्या पोटी दिली की मुलींना मळमळतं, मग त्या ती मुठीत धरतात आणि खिडकीबाहेर टाकतात. ही मी शाळाशाळांतून ऐकलेली गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत जेवणानंतर, वर्गात, पाण्याचा पेला हातात देऊन ती गोळी द्या, आणि ती कशासाठी आहे ते नववीच्या मुलींना सरळ भाषेत सांगा. वर्षातून दोनदा जंतांची गोळीही चुकवू नका, कारण आतड्यातले आकडेवाले जंत गोळीतलं लोह रक्तावाटे परत घेऊन जातात. आठ-दहा वर्षांनी त्याच मुलींचं हिमोग्लोबिन प्रसूतीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिलं जाणार आहे.